शेक हवा, कोंडलेला अंगार नको
सूतिकेची खोली, शेगडी आणि धुरी यांचा शास्त्रीय विचार

थंड देशांत संपूर्ण घर उबदार राखण्यासाठी कोळशाच्या शेगड्या हिवाळाभर पेटत्या ठेवण्याची रीत होती आणि काही ठिकाणी ती आजही आहे. आपल्या मराठवाड्यात तशी वेळ सहसा येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला तरी दिवसा स्वच्छ ऊन मिळते आणि शेकोटी पेटते ती अंगणात किंवा पारावर. तथापि आपल्याही घरांत एक खोली अशी आहे की जेथे केवळ उबेसाठी अग्नी आत आणून ठेवला जातो. ती म्हणजे बाळंतिणीची खोली.

निलंगा तालुक्यात, तेरणा-मांजरेच्या खोऱ्यातील गावांत आणि सीमेपलीकडील भालकी-बसवकल्याण भागातही ही रीत परिचयाची आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवावयाची, वर ओवा, बाळंतशेपा, वेखंड टाकून धुरी द्यावयाची, दाराला घोंगडी लावावयाची, खिडकी बंद करावयाची आणि आत माता व नवजात बालक यांना निजवावयाचे. प्रसूती रुग्णालयात होऊ लागली, घरात गॅस आला, तरी माहेरी परतलेल्या लेकीसाठी शेगडी पेटतेच. ती किती दिवस ठेवावी, धुरीत काय घालावे, हे विचारण्यासाठी घरातील आजी आपल्याच चिकित्सालयात येते आणि धुरीची पुडी आपल्याच काष्ठौषधीच्या दुकानातून जाते. म्हणून या विषयाचे उत्तरदायित्व प्रथम आपल्या व्यवसायाकडे येते. प्रस्तुत लेखात आम्ही या रूढीचा शास्त्राधार, तिच्यातील धोका आणि तिला देता येणारे सुरक्षित रूप यांचा क्रमाने विचार करणार आहोत.

चूल, सरपण आणि बदललेले घर

शेगडीचा विचार चुलीपासून सुरू करावा लागतो, कारण शेगडीतील निखारे बहुधा चुलीतूनच उचललेले असतात. आपल्या भागातील सरपण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे जळण आणि गोवऱ्या. तुराटी लवकर पेटते आणि लवकर संपते. त्यामुळे चुलीत सतत सारत राहावे लागते व गृहिणीला चुलीपुढून उठता येत नाही. गोवरी सावकाश जळते, पण धूर अधिक करते. पावसाळ्यात भिजलेले सरपण पेटविताना फुंकणी हातातून सुटत नाही. अशा रीतीने दिवसाचे दोन-तीन तास धुराशेजारी जातात, तेही वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षापासून.

केंद्र शासनाची उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली व लक्षावधी घरांत गॅसची शेगडी पोहोचली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३.२ टक्के होते. शिवाय गॅस असलेल्या घरातही भाकरीसाठी चूल, अंघोळीच्या पाण्यासाठी बंब किंवा चुलवण आणि बाळंतिणीसाठी शेगडी हे तिन्ही चालू असलेले आपण पाहतो. रुग्णेला ‘गॅस आहे का?’ एवढेच विचारल्याने खरी माहिती मिळत नाही.

दुसरा बदल घराचा आहे. जुन्या माळवदाच्या घराला दगडमातीच्या जाड भिंती असत आणि माळवदात उजेडासाठी व धूर जाण्यासाठी साणे, म्हणजे छताचे भोक, ठेवलेले असे. खोली अंधारी असली तरी तापलेली हवा वर चढून त्या वाटेने बाहेर पडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हीच जड घरे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर औसा, निलंगा, उमरगा या भागांत घरबांधणीचे स्वरूप पालटले. स्लॅबची व पत्र्याची घरे आली. हा बदल आवश्यकच होता. माळवदाखाली पुन्हा निजण्याचे धैर्य कोणाला होणार? परंतु साण्याबरोबर धुराची वाटही गेली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. स्लॅबच्या लहान खोलीत दार-खिडकी लावली की हवेला बाहेर पडण्यास मार्ग उरत नाही. पत्र्याच्या घरात थंडी शिरते म्हणून फटींत पोती व कापडे कोंबली जातात. शेगडी जुनीच राहिली. तिच्याभोवतीचे घर मात्र बदलले.

शास्त्राची भूमिका

‘बाळंतिणीला शेक द्यावा असे आयुर्वेदातच सांगितले आहे’, हे विधान आपण वारंवार ऐकतो. ते खरे आहे, पण अर्धे खरे आहे. प्रसूतीनंतर धातुक्षय व वातप्रकोप होतो. त्यासाठी अभ्यंग, उष्णोदक, उदरवेष्टन व स्वेद यांचा उपदेश आहे. मात्र तो सरसकट नाही. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात सूतिकोपचार देशपरत्वे वेगळे सांगितले आहेत. आनूप देशात, जेथे वातकफाचे प्राबल्य असते, तेथे स्वेद, निवात शयन व उष्ण उपचार यांची प्रशंसा आहे. जांगल देशात स्नेहाला महत्त्व आहे. आपला बालाघाटचा कोरडा, अल्पवृष्टीचा प्रदेश आनूप म्हणता येणार नाही. कोकणातील दमट हवेत जेवढ्या स्वेदाची अपेक्षा, तेवढी निलंग्यात नाही, हा विचार शास्त्रातूनच निघतो.

खोलीविषयी शास्त्राचे म्हणणे अधिक स्पष्ट आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन करताना ते अंधारे नसावे, वाऱ्याचा झोत लागू नये, परंतु एका बाजूने हवा खेळती असावी, असे सांगितले आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरालयाविषयीही हीच दोन विशेषणे जोडीने येतात, ‘निवात’ आणि ‘प्रवातैकदेश’. त्याच ठिकाणी धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपसर्ग तेथे पोहोचू नये, असाही निर्देश आहे. लोकरूढीने या जोडीतील पहिला शब्द घट्ट धरला आणि दुसरा सोडून दिला. ‘वारा लागू नये’ हे प्रत्येक घरात माहीत आहे. ‘एका अंगाने हवा यावी’ हे कोणीच सांगत नाही. प्रस्तुत विषयाचे मर्म याच एका गळालेल्या शब्दात आहे.

धुराच्या दुष्परिणामांविषयीही आपले ग्रंथ मौन बाळगत नाहीत. चरकाच्या चिकित्सास्थानात हिक्का-श्वासाच्या हेतूंमध्ये रज, धूम व वात यांचा उल्लेख आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात कासाच्या हेतूंत धूमोपघात आणि नेत्ररोगांच्या हेतूंत रज व धूम यांचे सेवन सांगितले आहे. औषधी धूमपानालाही काळ, मात्रा व निषेध यांची चौकट आहे. चरकाने ज्यांना धूमपान वर्ज्य सांगितले त्यांत गर्भिणीचा समावेश आहे. औषधी धूम जर गर्भिणीला निषिद्ध, तर तुराट्यांचा व गोवऱ्यांचा धूर तिला सोसू द्यावा, असे कोणता वैद्य म्हणेल?

धूर नाही म्हणजे दोष नाही, असे नव्हे

येथे एक आक्षेप येऊ शकतो. शेगडीत धूर नसतो. निखारे लालबुंद झाल्यावरच ती आत नेतात. शास्त्रातही तसेच आहे. चरकाच्या तेरा अग्निस्वेदांपैकी कर्षूस्वेदात शय्येखालील खड्ड्यात धूमरहित निखारे भरावयाचे आहेत. होलाकस्वेदात गोवऱ्यांचा ढीग पूर्ण जळून धूर संपल्यावर त्यावर शय्या मांडावयाची आहे. कुटीस्वेदात ‘हसन्तिका’, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगड्या, सांगितल्या आहेत. मग बाजेखालची शेगडी शास्त्रसंमतच नव्हे काय?

या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की हे स्वेद म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली, बल व काळ पाहून, सम्यक् स्विन्न लक्षणे दिसेपर्यंत करावयाचे अल्पकालीन कर्म आहे. रात्रभर शेगडी ठेवून दार लावून निजणे हा स्वेदविधी नव्हे. आणि बाजेवर एकटी सूतिका नसते. तिच्या कुशीत काही दिवसांचे बालक असते, ज्याच्यासाठी हा स्वेद सांगितलेलाच नाही.

दुसरे उत्तर आधुनिक रसायनशास्त्राचे आहे आणि ते आपण मोकळ्या मनाने स्वीकारले पाहिजे. कोळसा जळताना खालच्या थरात कार्बन डाय-ऑक्साईड तयार होतो. तो वरच्या तप्त निखाऱ्यांतून जाताना त्यातील काही भाग कार्बन मोनॉक्साईडमध्ये रूपांतरित होतो. उघड्यावर, ज्वाळेच्या सान्निध्यात हा वायू निळसर ज्योतीने जळून जातो. ज्वाळा विझल्यावर, निखारे राखेखाली धुमसत असताना, तो न जळता खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. धूर निदान खोकला आणून माणसाला सावध करतो. हा वायू झोप आणतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची बांधणी प्राणवायूच्या सुमारे दोनशे ते अडीचशे पट दृढ असते. गर्भाच्या रक्तातील हिमोग्लोबिन तर त्याला अधिकच धरून ठेवते.

म्हणजे ‘विधूम’ अंगार हे शास्त्राने सांगितलेले आवश्यक लक्षण आहे. पण ‘प्रवातैकदेश’ नसेल तर ते पुरेसे नाही. दोन्ही वचने एकत्र वाचली तरच अर्थ पूर्ण होतो.

इतर देशांचा अनुभव

हा अनुभव केवळ आपला नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर पाच दिवस दाट धुरके साचून राहिले. थंडीत घरोघरच्या शेगड्यांत जळणारा दगडी कोळसा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. आरंभी सुमारे चार हजार मृत्यूंचा अंदाज होता. पुढील अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात १९९० मध्ये धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई भागात कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आढळले. घरात उघड्यावर जळणारा धुरकट कोळसा हे कारण ठरले आणि धुराडे बसविलेल्या घरांत पुढे हे प्रमाण घटले. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००६ मध्ये घरगुती कोळशाच्या धुराला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले.

परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचे आहेत ते कोरिया व मंगोलिया. दक्षिण कोरियात खोलीची जमीन उबदार ठेवण्यासाठी कोळशाच्या विटा वापरत. तेथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्या विटांच्या वायूने झोपेतच माणसे दगावण्याच्या घटना इतक्या घडत की तो एक सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला. मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातर येथे, २०१९ मध्ये कच्च्या कोळशावर बंदी घालून कमी धुराच्या विटा देण्यात आल्या. बाहेरचा धूर घटला. पण पहिल्याच हिवाळ्यात घरांत कार्बन मोनॉक्साईडची विषबाधा होऊन मृत्यू झाल्याची वृत्ते आली. धूर कमी करणे आणि वायू बाहेर काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा धडा त्यातून मिळतो.

आपल्याकडेही हा विषय नवा नाही. कर्क स्मिथ या संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासातील धुराचे मोजमाप केले होते. १९८३ च्या सुमारास केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ मध्ये थांबला. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले व २००२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला. असा कोळसा स्वयंपाकाला उत्तम, धूरही नगण्य. पण कोणताही कोळसा बंद खोलीत तोच अदृश्य वायू देतो, हे विसरता कामा नये. पुण्यातील छातीरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांतील जीर्ण श्वासरोगाकडे लक्ष वेधले व त्यात सरपणाच्या धुराला मोठे स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लक्ष मृत्यू झाले. त्यांपैकी २ लक्ष ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती.

धुरीचा विचार

धूपन हा आपल्या शास्त्राचा अभिमानास्पद भाग आहे. काश्यपसंहितेत धूपकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. चरकाने कुमारागाराच्या प्रकरणात यव, सर्षप, अतसी, हिंगु, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्ये घृतासह धूपनासाठी सांगितली आहेत. परंतु हे धूपन कशाचे, याकडे लक्ष द्यावे. तेथे उल्लेख आहे तो बालकाची वस्त्रे, शय्या, अंथरूण व पांघरूण यांच्या धूपनाचा. स्नान घातलेल्या बालकाला निखाऱ्यांवर धरून त्याचे डोके-तोंड धुरात फिरविणे ही आजची प्रचलित रीत या वचनात बसत नाही.

नवजात बालकाचा श्वास मिनिटाला चाळीस ते साठ वेळा चालतो. वजनाच्या मानाने ते प्रौढापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते. त्याच्या श्वासनलिका बारीक. थोड्या शोथानेही त्या अडतात. द्रव्य औषधी असले तरी त्याचा धूर हा सूक्ष्म कणांचाच असतो. पुडीवर कोणत्या वनस्पतीचे नाव आहे यावरून कणांचा आकार बदलत नाही.

म्हणून धूपन टाकून देण्याचे कारण नाही. ते त्याच्या मूळ जागी परत नेले पाहिजे. माता-बालक दुसऱ्या खोलीत असताना रिकाम्या खोलीचे व दांडीवर टाकलेल्या दुपट्यांचे धूपन करावे, शेगडी बाहेर न्यावी, दार-खिडकी उघडून धूर पूर्ण जाऊ द्यावा आणि मगच त्यांना आत आणावे.

रुग्णपरीक्षणात काय विचारावे

अंगाराच्या वायूने होणारी बाधा ओळखणे कठीण नाही, पण ती आठवली पाहिजे. शिरःशूल, भ्रम, हृल्लास, छर्दी, दौर्बल्य, मनाची गोंधळलेली अवस्था ही लक्षणे सूतिकेत आढळली की आपले लक्ष प्रथम रक्तक्षय, ज्वर, वातप्रकोप किंवा अजीर्ण यांकडे जाते. तेथे काही प्रश्न अवश्य विचारावेत.

शेगडी कोठे आहे व किती वेळ असते? दार-खिडकी बंद असते काय? डोके सकाळी उठताना अधिक दुखते आणि अंगणात आल्यावर उतरते काय? खोलीत निजणाऱ्या आई, सासू किंवा बहिणीलाही तशीच तक्रार आहे काय? बालक नेहमीपेक्षा अधिक झोपते, स्तनपानास उठत नाही, असे दिसते काय? एका खोलीतील दोन व्यक्तींना एकाच वेळी तेच लक्षण असणे, हा सर्वांत महत्त्वाचा सुगावा होय.

बोटाला लावण्याच्या प्राणवायू-मापक यंत्रावर येथे विसंबू नये. ते यंत्र प्राणवायूने बांधलेले व या विषारी वायूने बांधलेले हिमोग्लोबिन यांत भेद करू शकत नाही. आकडा ९८ दिसेल आणि रुग्णा मात्र धोक्यात असेल. त्वचा लालसर दिसण्याचे जे लक्षण पुस्तकात असते ते क्वचित व उशिरा आढळते.

दीर्घकाळ चुलीपुढे बसलेल्या स्त्रीत जीर्ण कास, चढावर दम लागणे, छातीत घुरघुर, डोळ्यांना पाणी येणे, अकाली मोतीबिंदू हे चित्र दिसते. तिला तमाखूचे व्यसन नाही म्हणून जीर्ण श्वासरोगाचा विचार बाजूला ठेवू नये. सितोपलादी, वासावलेह, च्यवनप्राश देताना चुलीची जागा, सरपणाचा ओलेपणा व धुराडे यांची चौकशी त्याच व्यवस्थापत्रावर नोंदवावी. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी. ती गाळून पुढच्या पायऱ्या चढता येत नाहीत.

तात्काळ उपाय

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात धूमोपहताची लक्षणे दिली आहेत : श्वास लागणे, शिंका व कास, डोळ्यांत दाह व लाली, गंध व रस यांचे अज्ञान, श्रवणशक्ती हरपणे, तृष्णा, दाह, ज्वर, मूर्च्छा. इतक्या प्राचीन काळी धुराने होणाऱ्या आत्ययिक अवस्थेचे हे वर्णन विलक्षण आहे. तेथे घृत, इक्षुरस, द्राक्षा, दुग्ध, शर्करोदक यांनी वमन व पुढे कवल, शिरोविरेचन असा क्रम आहे. तथापि हा क्रम शुद्धीवर असलेल्या रुग्णासाठी व धुराच्या उपघातासाठी समजावा. कार्बन मोनॉक्साईडच्या बाधेत अर्धवट शुद्धीतील रुग्णास वमन देणे किंवा तोंडाने काहीही पाजणे म्हणजे श्वासमार्गात ते जाण्यास निमंत्रण देणे होय.

अशा वेळी क्रम पुढीलप्रमाणे असावा. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. माता व बालक दोघांनाही त्वरित मोकळ्या हवेत आणावे. शेगडी बाहेर काढावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. निलंग्यास उपजिल्हा रुग्णालय आहे व पुढे लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूने तोच काळ सुमारे तास-दीड तासावर येतो. गर्भिणीस बरे वाटले तरी पाठवावेच, कारण गर्भाच्या रक्तातून वायू जाण्यास अधिक वेळ लागतो. बरे झालेल्या रुग्णातही काही दिवसांनी वा आठवड्यांनी विस्मरण, चालण्यात बदल, स्वभावात फरक अशी लक्षणे उद्भवू शकतात. म्हणून महिनाभर लक्ष ठेवावे. त्या काळात बल्य व रसायन चिकित्सेला आपल्याकडे निश्चित वाव आहे.

शेकाची सुरक्षित रीत

केवळ ‘शेगडी ठेवू नका’ असे सांगून आजीचे समाधान होणार नाही. तिच्या दृष्टीने शेगडी काढणे म्हणजे लेकीची हेळसांड. तिला पर्याय दिला पाहिजे आणि तो शास्त्रात विपुल आहे.

पहिला मार्ग तापस्वेदाचा. सुश्रुताने तापस्वेदासाठी हाताचा तळवा, कांस्यपात्र, खापर, वालुका व वस्त्र ही साधने दिली आहेत. अभ्यंगानंतर बाहेर चुलीवर तापविलेल्या वाळूची किंवा ओव्याची पुरचुंडी कटी, पृष्ठ व पाय यांवर फिरवावी. अग्नी बाहेर, उष्णता आत. रबरी पिशवीतील गरम पाणीही चालेल, मात्र ती कापडात गुंडाळून व बालकापासून दूर असावी. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास टाक्यांच्या जागी शेक देऊ नये.

दुसरा मार्ग निरग्नि स्वेदाचा. चरकाने अग्नीवाचून होणारे दहा स्वेद सांगितले आहेत. त्यांत उष्ण गृह, जड प्रावरण आणि आतप हे तीन सूतिकेला सहज लागू पडतात. निलंग्याच्या हिवाळ्यातील सकाळचे कोवळे ऊन, ओसरीवरची आडोशाची जागा, गोधडी आणि कानटोपी यांनी जे साधते त्यासाठी निखाऱ्यांची गरज नाही. दुपारी खोलीच्या भिंती तापू द्याव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी झोताच्या बाजूची खिडकी लावावी. समोरच्या बाजूची वरची झडप मात्र उघडी राहू द्यावी. निवात आणि प्रवातैकदेश यांचा हाच प्रत्यक्ष अर्थ.

बालकाची ऊब मातेच्या उराशी, त्वचेला त्वचा लावून, वरून दोघांवर पांघरूण घालून उत्तम राखली जाते. कमी वजनाच्या बालकांसाठी आधुनिक बालरोगतज्ज्ञही हाच उपाय प्रथम सांगतात. यात स्तनपानही सुलभ होते आणि शेगडीने भाजण्याचे भयही राहत नाही.

एवढे सांगूनही ज्या घरात शेगडी ठेवण्याचाच आग्रह असेल तेथे किमान मर्यादा घालून द्यावी : निखारे बाहेर पूर्ण फुलल्यावरच शेगडी आत यावी, बालक त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावे, दार उघडे असावे, जागी असलेली दुसरी व्यक्ती जवळ बसलेली असावी, शेक पंधरा-वीस मिनिटांत आटोपावा आणि शेगडी लगेच बाहेर जावी. ही मर्यादा धोका कमी करते, नाहीसा करीत नाही, हेही स्पष्ट सांगावे. निजताना शेगडी खोलीत असता कामा नये, या एका नियमाला अपवाद नाही.

औषधी विक्रेत्यांचे स्थान

ही माहिती घरापर्यंत नेण्यास काष्ठौषधीच्या दुकानाइतके समर्थ दुसरे स्थान नाही. बाळंतकाढा, डिंक, खारीक, शेपा घेण्यासाठी येणारे कुटुंब प्रसूतीच्या आधी किंवा पहिल्या काही दिवसांतच दुकानात येते. वैद्याकडे ते तक्रार झाल्यावर येते. म्हणून धुरीच्या प्रत्येक पुडीवर ठळक मराठीत तीन ओळी छापाव्यात, अशी आमची विक्रेते बंधूंना आग्रहाची विनंती आहे : धुरी रिकाम्या खोलीला व कपड्यांना द्यावी, बालकाला धुरात धरू नये, निजताना निखारे खोलीत ठेवू नयेत. छपाईचा खर्च नगण्य आहे. सीमाभागातील ग्राहकांसाठी त्याच ओळी कन्नडमध्येही असाव्यात.

पुडीबरोबर वाळूच्या शेकासाठी जाड सुती कापडाची पिशवी ठेवल्यास ग्राहकाला पर्याय हाती मिळेल आणि विक्रेत्यालाही नवी वस्तू विकता येईल. बाजारात ‘धूररहित’ म्हणून मिळणारा कोळसा विकताना तो घराबाहेर वापरावा, हे तोंडी सांगण्यास विसरू नये. डास पळविण्याच्या अगरबत्तीविषयीही सावधानता हवी; २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले होते. बाळंतिणीच्या खोलीत मच्छरदाणी हाच योग्य उपाय.

समारोप

या विषयात आपण दोन टोकांपासून दूर राहिले पाहिजे. शेक-धुरी ही अडाणी रूढी आहे म्हणून हसण्यावारी नेणे हे एक टोक. शास्त्रात आहे म्हणून बंद खोलीतील शेगडीचेही समर्थन करणे हे दुसरे. सूतिकेला ऊब हवी, विश्रांती हवी, तिची काळजी घेणारे घर हवे, हे रूढीचे सार आहे व ते जपण्याजोगे आहे. त्या साराला बाधा न आणता अंगार खोलीबाहेर ठेवता येतो.

आपापल्या गावातील आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व सुईणी यांना सोबत घेऊन येत्या थंडीपूर्वी प्रत्येक सभासदाने एक बैठक घ्यावी. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीस येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीच्या सासू व आईशी खोलीविषयी पाच मिनिटे बोलावे. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थ्यांनी मराठवाड्यातील सूतिकागारांची पाहणी हाती घेतल्यास शेगडी किती घरांत व किती दिवस राहते याची विश्वसनीय नोंद होईल. वायू मोजण्याची लहान यंत्रे आता सहज मिळतात. आपल्या आचार्यांनी घराला एका बाजूने हवा असावी, असे सांगून ठेवले आहे. ती खिडकी उघडण्यास घरच्यांना सांगणे, हे आजच्या वैद्याचे काम आहे.